कच्चा टाका

दुपारपर्यंत माझ्या नवऱ्याने त्या हिरोइनला सात वेळा कवेत घेतलं होतं.

हॉलिवूडसारखा सिनेमा काढायचा म्हणून कोल्हापूरच्या स्टुडिओत पाण्याच्या हौदावर लाकडी जहाज उभं केलेलं. समुद्री चाचा सरदारकन्येला पळवून नेतो, अशी गोष्ट. प्रेमाचं बोलायला हिरो. तिला कमरपट्ट्याला धरून दोरीवरून झेप घ्यायला त्याचा डमी, म्हणजे माझा ज्ञानू. तालमीत ती खिदळायची, हा लाजायचा. मला कधी असं उचललंय?

गाऊन शिवणारी मीच. जेवणाच्या सुट्टीत पट्ट्याची शिलाई उसवली आणि नुसते कच्चे टाके घातले. पडू दे सटवीला हौदात, सगळ्यांसमोर!

ऐन शॉटला हिरोइन घाबरून अडून बसली. डायरेक्टर माझ्याकडे वळले. “बाई, तुमचा बांधा तिच्यासारखाच आहे. घाला गाऊन.” खरं सांगायला तोंड होतं कुठे?

चेहऱ्यावर जाळी ओढून मी डोलकाठीवर चढले. ज्ञानूने मला ओळखलंच नाही. पट्टा घट्ट धरून कानाशी म्हणाला, “भिऊ नगासा, बाईसाहेब. आमच्या कारभारणीची शिलाई हाय. जल्मात उसवायची न्हाई.”

त्याने झेप घेतली, आणि माझ्या कमरेशी पहिला टाका तटकन तुटला.