भिकुबाईची न्हाणी

चुलीमागच्या भिंतीला, धुराड्याला लागूनच, ओल धरली तेव्हा भाईदासने फार विचार केला नाही. भिंतीपलीकडे विधवा भिकुबाईची न्हाणी होती. "अक्का, तुमनी न्हानीनं पानी मन्ही भीतमा मुरी ऱ्हायनं," तो चार माणसांत गरजला. एकट्या बाईला न्याय सांगायला पंचांना कधी वेळ लागत नाही. न्हाणी पाडली गेली. तेव्हापासून भिकुबाईच्या दोन्ही वयात आलेल्या पोरी तांबडं फुटायच्या आत, अंगणात खाट उभी करून, तिच्यावर टाकलेल्या लुगड्याच्या आडोशाला अंघोळ उरकू लागल्या.

ओल मात्र वाढतच गेली.

भर श्रावणात टीव्हीवर मुंग्या दिसू लागल्या म्हणून भाईदास घराच्या धाब्यावर चढला. शिरपूरहून आणलेल्या अँटेनाचा पाइप त्यानेच उन्हाळ्यात धुराड्याला बांधला होता, आणि आड येतं म्हणून धुराड्यावरचं पत्र्याचं टोपण काढून टाकलं होतं. आता त्या उघड्या तोंडातून पाऊस सरळ आत उतरत होता. भाईदासने आजूबाजूला पाहिलं, गुपचूप टोपण बसवलं आणि खाली येऊन बायकोलाही काही सांगितलं नाही.

दिवाळीत भिकुबाई फराळाचं ताट घेऊन आली. कोरड्या भिंतीवरून तिने हात फिरवला.

"भीत सुकनी, भाऊ. तुमनंच खरं व्हतं. आमनाच पानीनी वल व्हती. माफ करज्यात."

भाईदासची मान वर होईना. ताटातल्या करंजीकडे बघतच तो म्हणाला, "जाऊ द्या अक्का. चूक कोनीबी व्हस."