वाकडी ओळ

पानगळ सुरू झाली तशी मी गोधडी शिवायला घेतली. त्याआधी आयुष्यात साधं बटणही धड लावलं नव्हतं. दुपारी थोड्या ओळी घालायच्या, गोधडी खिडकीजवळ सासूबाईंच्या खुर्चीवर टाकायची आणि जरा आडवं व्हायचं. उठून बघावं तर त्यांनी वाकडे टाके तेवढे उसवून दोरा नीट गुंडाळून ठेवलेला असायचा.

"अहो आई, राहू द्या की. कोण बघतंय?"

"पांघरणाऱ्याला कळतं," त्या चष्म्यावरून म्हणायच्या.

"अशानं ही पुढच्या थंडीतही व्हायची नाही," मी नवऱ्याकडे कुरकुरायचे. तो हसून हीटरजवळ सरकायचा.

या आठवड्यात गोधडी पूर्ण झाली. टाके सगळे सरळ आलेत. भेटायला आलेली नणंद तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "छान झालीय गं, वहिनी." मी चहा टाकला.

ती गेल्यावर मी गोधडीच्या कडेला एक ओळ मुद्दाम वाकडी घातली, गोधडी आईंच्या त्या रिकाम्या खुर्चीवर टाकली आणि जरा आडवी झाले.



उठले तेव्हा ओळ तशीच होती.