पाचपैकी पाच

तपासनीसाने हेल्मेट उलटं करून मांडीवर घेतलं, आतलं अस्तर सोडवलं आणि खालच्या फोमवरून अंगठा दाबत फिरवला. डाव्या बाजूला अंगठा आत गेला आणि खळगा तसाच राहिला.

"हे बाद."

"अहो, बाहेरून ओरखडासुद्धा नाही," डॉक्टरांच्या तंबूतल्या खाटेवर बसलेला वस्ताद म्हणाला. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल उडवणाऱ्यांत तो वयाने सर्वांत थोरला, म्हणून सगळे त्याला वस्तादच म्हणत. अर्ध्या तासापूर्वी, पहिल्या फेरीत, उडीवरून उतरताना त्याच्या हातून गाडी सुटली होती आणि तो डोक्यावर आपटला होता.

"बाहेरून काही दिसत नाहीच. एकदा मार खाल्ला की आतला फोम दबतो. दुसऱ्या वेळी तो काही वाचवत नाही." तपासनीसाने हेल्मेटवर लाल फुली मारली. "दुसरं आणा."

त्यावर कोणी हुज्जत घातली नाही. वस्तादची मुलगी शेजारच्या तंबूतून कुणाचं तरी हेल्मेट मागून घेऊन आली.

तोवर डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला होता. तारीख त्याने बरोबर सांगितली. मैदानाचं नाव सांगितलं. एका पायावर उभा राहिला, जरासा डोलला, आणि "बूट जड आहेत हो" म्हणाला. डॉक्टर स्मरण तपासायचं पाच शब्दांचं कार्ड काढतात तोच दुसऱ्या एकाला स्ट्रेचरवर घालून आत आणलं. त्याचा हात कोपरातून भलतीकडेच वळला होता. डॉक्टरांनी कार्ड मुलीच्या हातात दिलं.

"हे शब्द वाचा, मग त्यांना म्हणायला सांगा. जेवढे येतील तेवढ्या चौकटीत खुणा करा. मी आलेच."

कार्ड तिच्या ओळखीचं होतं. मागच्या वर्षीचं घरी होतं आणि भांडी घासता घासता दोघांनी ते पाठ केलं होतं. सगळेच करतात, डॉक्टरांना कोणी सांगत नाही. या वर्षी मात्र शब्द बदलले होते.

"बाबा, नीट ऐका. कंगवा. दगड. लिंबू. पायरी. घोडा."

"हात्तिच्या!" वस्तादने डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, "चमचा, आरसा, गालिचा, ढग, बैल."

तिने कार्ड पुन्हा पाहिलं.

"बाबा, मी आत्ता काय म्हटलं?"

"तेच की. चमचा, आरसा, गालिचा, ढग, बैल. उलटे म्हणून दाखवू?"

आणि त्याने उलटेही म्हणून दाखवले. एकही चुकला नाही.

कार्डावर पाच रिकाम्या चौकटी होत्या. पाठीमागे डॉक्टर कात्रीने कुणाची तरी बाही कापत होत्या. डोक्याच्या तपासणीत नापास म्हणजे हंगाम संपला, आणि बावन्नाव्या वर्षी परवाना पुन्हा कोण देतंय?

"पास ना गं?" वस्ताद हळूच म्हणाला. "घरी बसवू नकोस बाई मला. भिंती बघत मरायचं नाहीये."

तिने पाच खुणा केल्या.

डॉक्टरांनी हातमोजे न काढताच मान वाकडी करून कार्ड पाहिलं. "पाचपैकी पाच? मला नसते आले." सही झाली.

"हेल्मेट नापास, डोकं पास!" वस्ताद म्हणाला. तंबूत हशा पिकला. स्ट्रेचरवरचाही कण्हत कण्हत हसला.

बाहेर दुसऱ्या फेरीच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. मुलीने मागून आणलेलं हेल्मेट त्याच्या डोक्यात घातलं, हनुवटी वर धरली, पट्टा कड्यांतून ओवला आणि खाली दोन बोटं घालून पाहिलं. काचेआडून तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, तू कधी आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली, आणि पट्टा जरा आणखी आवळला.