वारा पडला तेव्हा

भर दुपारी वारा पडला आणि बेटासमोरून चाललेलं शिडांचं जहाज जागच्या जागी थांबलं.

बातमी घरोघर पोचायला वेळ लागला नाही. या बेटावर जहाजं यायची ती फक्त तेल भरायला. अलीकडे तीही येईनाशी झाली होती. काही शिडं लावलेली, काही तेलाऐवजी दुसरंच काहीतरी जाळणारी, सगळी दुरूनच निघून जायची. आज त्यांतलंच एक डोळ्यांसमोर अडकून पडलं होतं. दुकानं तशीच उघडी टाकून माणसं धक्क्यावर आली. मास्तरांनी शाळा सोडून दिली आणि मुलांच्या आधी स्वतःच येऊन उभे राहिले.

तेलाच्या डेपोचा साहेब धापा टाकत ताईच्या बार्जपाशी आला. ताईला सगळं बंदर ताईच म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. जहाजांना तेल पोचवणारी बार्ज ती चालवायची. पंप तिचा धाकटा भाऊ सांभाळायचा.

"ताई, त्याला तेल घ्यायला लाव," साहेब म्हणाला. "कसंही कर. शिडाच्या जहाजालाही शेवटी तेल लागलंच, असं वर कळवता आलं, तर डेपो बंद करू नका म्हणायला मला तोंड राहील."

"आणि नाही घेतलं तर?"

साहेबानं वळून धक्क्यावरच्या गर्दीकडे पाहिलं.

ताईनं बार्ज काढली. जवळ जाईजाईपर्यंत जहाज वाढतच गेलं. डोलकाठ्या कसल्या, मनोरेच होते ते. वरची टोकं बघायची तर मान पार मागे टाकावी लागत होती. शिडं कापडाची नव्हती, उभ्या भिंतींसारखी टणक होती. भावानं दोर वर फेकला. एका खलाशानं तो बांधला.

कप्तान कठड्याशी आला. तरुण होता, आणि अजिबात घाईत नव्हता.

"तेल आणलंय," ताई ओरडली. "लागेल तेवढं घ्या."

"इंजिन आहे, टाकीही आहे," तो वरून म्हणाला. "पण वारा येईल, बाई."

"आणि नाही आला तर?"

"अंधार पडेपर्यंत वाट बघतो. नाही आला तर तुमच्याकडूनच घेतो. शब्द देतो."

भावानं तेवढ्यात पाइप पंपाला जोडून तयार ठेवला. मग दोघं सावलीत बसली. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निपचित पडला होता. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, पण धक्क्यावरून कुणी हललं नव्हतं.

"ताई, वारा येऊ नये म्हणून आपण बसलोय," भाऊ मानेवरचा घाम पुसत म्हणाला. "शिडाच्या होडीवर जन्म काढलेले बाबा आज असते तर दोघांच्याही कानाखाली काढली असती."

ताई हसली. उठली आणि सहज जहाजाला हात टेकला. आजवर शेकडो जहाजांना तिनं असा हात लावला होता. आत इंजिन चालू असायचं, आणि ती थरथर तळहातातून कोपरापर्यंत चढायची. रात्री अंथरुणावर पडल्यावरसुद्धा हातात राहायची. इथं काहीच नव्हतं. एवढं अवाढव्य धूड, आणि आत अगदी शांत. तिनं दुसराही हात टेकला.

"मेलंय का गं?" भावानं विचारलं.

"नाही रे. झोपलंय."

ऊन उतरू लागलं. भाऊ उभा राहून सूर्य आणि पाणी यांतलं अंतर बोटांनी मोजत होता. "झालंच, ताई. अंधाराला थोडंच राहिलंय," तो म्हणाला.

आधी ताईच्या कपाळावरचे केस हलले. मग लांबवर पाण्यावर एक काळसर पट्टा उमटला आणि सरकत त्यांच्याकडे येऊ लागला.

वर काहीतरी करकरलं. दोघांनी मान वर केली. त्या भिंती फिरत होत्या. माणूस नाही, आरडाओरडा नाही, दोर ओढणं नाही. एकामागून एक, सगळ्या मिळून त्या वाऱ्याकडे हळूहळू वळल्या, आणि बार्जवर, पाण्यावर, लांबपर्यंत सावली पसरली. ताईच्या हाताखालून जहाज सरकू लागलं. एवढं ओझं, आणि आवाज फक्त पाणी कापल्याचा.

दोर ताणला गेला. बार्जही ओढली जाऊ लागली.

"दोर सोडायला सांग त्यांना," ताई म्हणाली.

भाऊ पाइप धरून उभा होता. "अजून अंधार कुठं पडलाय? शब्द दिलाय त्यानं."

"सांग म्हणते ना."

तो हलला नाही. तेव्हा तिनंच वर खूण केली. खलाशानं दोर सोडला, आणि तो ओला होऊन बार्जच्या कडेला लोंबत राहिला. कप्तानानं कपाळाशी हात नेला. ताईनं नकळत हात वर केला.

धक्क्यावर माणसं अजून तशीच उभी होती. मास्तरांनी एका लहान मुलीला उचलून खांद्यावर घेतलं होतं. साहेब टोपी काढून उभा होता. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला, जहाजाबरोबर हळूहळू वळत होत्या. उतरतं ऊन शिडांवर पडलं आणि ती खालपासून वरपर्यंत पेटल्यासारखी लाल झाली.

भाऊ तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, आता आपण काय करायचं गं?"

ताईनं जहाजावरून नजर हटवली नाही.

"थांब," ती म्हणाली. "आधी बघू दे."