एका दिवसापुरतं

पिंपळनेरकडच्या त्या वस्तीवर प्राची मॅडम पोचल्या, तेव्हा संघमित्राची आई कलाबाई नुकतीच कांद्याच्या लावणीवरून परतली होती. पायांवरचा चिखल अजून ओला होता.

"आठवडा झाला, संघमित्रा शाळेत नाही," मॅडम उभ्या उभ्याच म्हणाल्या.

"बसा ना, मॅडम." कलाबाईने गोधडी अंथरली. "तुम्हीच सांगं व्हतं ना तिले, बाळले शाळामा आनू नको."

सांगितलं होतं खरं. सहावीतली ही पोर वाचनात सगळ्यांच्या पुढे, पण रोज धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात यायची. तो मांडीवर झोपायचा, ती धडा वाचायची. कोणाचं काही अडत नव्हतं. मग तपासणीला साहेब येणार असं कळलं आणि मॅडमच्या अंगात शिस्त संचारली. "उद्याच्या दिवस त्याला घरी ठेव," त्या म्हणाल्या. घरी म्हणजे कोणाजवळ, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही. साहेब आले, चहा प्यायले आणि वर्गाकडे ढुंकूनही न बघता गेले. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

"मी एकाच दिवसापुरतं म्हटलं होतं, अक्का. उद्यापासून बाळासकट पाठवा. माझ्या खुर्चीत बसवीन मी त्याला."

कलाबाई ओशाळून हसली. "त्या दिन मी दमीसन घर वनू, तं पानी भरेल व्हतं, भाकरी थापेल व्हत्यात. जनममा पहिलांदा माले आयती भाकर भेटनी, मॅडम." गोधडीचं टोक सारखं करत ती म्हणाली, "आते सवय लागी गई. तिन्हा बापले बी, माले बी."

मॅडमनी रागवावं असं समोर कोणी नव्हतंच. रागवायचं तर स्वतःवरच, आणि त्याचा आता काय उपयोग? जीव नुसता चुटपुटत राहिला.

"संघमित्रा!" त्यांनी हाक मारली.

पोर पिठाचे हात झटकत दारात आली. तेवढ्यात आत बाळाने भोकाड पसरलं. त्याला उचलून घ्यावं म्हणून मॅडम पुढे झाल्या, तशी ती घाबरून दार अडवून उभी राहिली. मग शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द जपून म्हणाली,

"मॅडम, मी त्याला घरीच ठेवलंय. बाहेर आणलं नाही."