पहिली राखीव

उजवा पाय टेकला की घोडी मान वर उचलत होती. किंचितच. सकाळचा सराव संपवून ती दुडक्या चालीने परत येत होती आणि कठड्याला टेकलेल्या रॉईस टॅकेटखेरीज कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

घोडी त्याची नव्हती. डेल स्टॅम्परची होती, लेट फ्रॉस्ट. उद्याच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीसाठी निवड समितीने देशोदेशीच्या चौदा घोड्या घेतल्या होत्या, त्यातली एक. चौदांनंतर समितीने रेघ मारली, आणि रेघेखालचं पहिलं नाव रॉईसच्या टॅन्सीचं. पहिली राखीव. वरची एखादी गळाली तरच तिला जागा.

आठवडाभर रॉईस दुसऱ्यांच्या घोड्यांचे पाय बघत होता. वाईटच सवय, पण पहिल्या राखीवचा ट्रेनर दुसरं करणार तरी काय? काहीतरी दिसावं म्हणूनच बघत होता, आणि आज दिसलं: पाय दुखत असला की घोडी तो टेकताना अशी मान उचलते. धावता धावता पाय मोडला की घोडी कोसळते आणि वरचा जॉकी तिच्याखाली जातो. घोड्यांच्या शर्यतींवर जगणाऱ्या लेक्सिंग्टनात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

घोडीवरून मरिसोल खाली उतरली. उद्या शर्यतीतही हीच वर बसणार होती.

"डेल, पुढचा उजवा पाय बघून घे," रॉईस म्हणाला. "मान उचलतेय ती."

डेलने वळूनही पाहिलं नाही. "काल डॉक्टरने पाहिलीय. पास आहे."

"काल असेल. आज बघ."

"थोडी जड वाटली खरी," मरिसोल म्हणाली. "थंडीने असेल."

"थंडीनेच." डेल आता रॉईसकडे बघून हसला. "पहिली राखीव कुणाची आहे रे?"

"माझी."

"मग झालं तर. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं, लेका. फक्त आठवडाअखेरपर्यंत थांबलो नसतो."

बाजूचे दोघेतिघे हसले. रॉईसला राग आला, पण डेलचं काही चुकलं असंही म्हणता येईना. समितीच्या डॉक्टरकडे जावं, तर त्या बिचाऱ्याकडे सकाळपासून असेच पाचसहा जण कुणाकुणाचे पाय दाखवायला येऊन गेले होते, आणि सगळ्यांच्या घोड्या राखीव यादीतल्या. काळीज काढून दाखवलं तरी आज त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

तो शर्यतीच्या कचेरीत गेला.

"टॅन्सीचं नाव काढायचंय," तो म्हणाला.

टेबलामागच्या नोरीनने चष्मा कपाळावर चढवला. "आजारी आहे?"

"ठणठणीत आहे."

"मग थांब की जरा. उद्या सकाळपर्यंत कोण गळेल काय सांगावं. आणि एकदा काढलं की परत नाही, माहितीय ना?"

"माहितीय."

"व्हर्नाला विचारलंस?"

व्हर्ना रॉईसची बायको. घोडी तिच्या नावावर होती, आणि नुसती नावावर नाही. टॅन्सीला जन्म देतानाच तिची आई गेली. ते शिंगरू व्हर्नाने बाटलीने दूध पाजून वाढवलं, त्याच्या शेजारी गवतात गोधडी अंथरून झोपली. टॅन्सी आता सात वर्षांची. या हंगामानंतर ती पळणार नव्हती, आणि असली घोडी त्यांच्या लहानशा पागेत पुन्हा जन्मायची नव्हती.

"सही ट्रेनरची चालते ना?" रॉईसने विचारलं.

चालत होती. त्याने केली. व्हर्ना कदाचित नाही म्हणालीही नसती. पण तिच्या तोंडाकडे बघून त्याचाच हात चालला नसता.

तो परत आला तेव्हा डेल घोडीच्या पाठीवर घोंगडी टाकत होता.

"यादीत आता माझी कुणी नाही," रॉईस म्हणाला. "नोरीनला फोन करून विचार. तुझी गळाली तर दुसरी राखीव, ती आयर्लंडची, आत येईल. आता पाय बघ."

डेलने खरंच फोन केला. दोन शब्द बोलून ठेवला. मग खाली वाकला, नडगीवरून हात फिरवत खाली आणला आणि सांध्याच्या जरा वर अंगठ्याने दाबलं. घोडीने पाय झटकन ओढून घेतला. त्याने पुन्हा, हळू दाबलं. तिने पुन्हा ओढला.

"मरिसोल, डॉक्टरला बोलव," डेल म्हणाला.

एक्स-रे निघेपर्यंत रॉईस तिथेच थांबला. हाडाला बारीक तडा होता. मरिसोल तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. रॉईस निघाला. आता घरी सांगायचं होतं.

पण पागांमधून बातमी माणसाच्या पुढे धावते, आणि वाटेत अर्धी सांडते. व्हर्ना गमबुटांतच पळत समोरून आली. कितीतरी वर्षांत त्याने तिला पळताना पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या कोटाला दोन्ही मुठींनी धरलं, आणि तिला हसू आणि रडू बरोबरच येत होतं.

"फ्रॉस्ट गळाली म्हणे. बिचारा डेल. मला असा आनंद व्हायला नको रे, पण काय करू, होतोय."

"व्हर्ना, ऐक—"

"मला राहवलं नाही," ती म्हणाली. "मी टॅन्सीला सांगूनसुद्धा टाकलं. तिच्या कानात. उद्या पळायचंय म्हणून."