दारावरची पाटी

दशरथने शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन मागून आणलं. घर घेतानाच त्याने केबिन रोडवरच्या दुकानातून नवराबायकोच्या नावांची पितळी पाटी करून आणली होती; कर्ज फिटल्याशिवाय दारावर लावायची नाही, हा त्याचा हट्ट. आज शेवटचा हप्ता गेला. बायको सुचेता चिंचेने पाटी घासत होती. तेवढ्यात बँकेत घराचे कागद मागायला गेलेला मुलगा रिकाम्या हाताने परतला. “बाबा, व्याजदर वाढले तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवला, मुदत वाढवली. अजून सहा वर्षं भरायचंय.” “मला न विचारता?” “मेसेज आलेले. तुम्ही बँकेचे मेसेज न वाचताच उडवता.” “एकही हप्ता चुकवला नाही रे मी!” “तुम्ही आता रिटायर होताय. कर्जात माझं नाव घाला म्हणतायत.” सुचेता पाटी पेपरात गुंडाळू लागली. “गुंडाळतेस कशाला?” दशरथ कडाडला. “जा, आपल्या नावांखाली ह्याचंही नाव कोरून आण!”